हेनारोच्या डब्यातले दाणे

बोका मोलिनात लिओंते फेबल्सला लिओंते म्हणणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. बाकी सगळं गाव त्याला ‘वचन’ म्हणायचं. तो सोळा वर्षांचा असताना वर्तमानपत्रात त्याचा बेसबॉल खेळतानाचा फोटो आला होता आणि खाली छापलं होतं, ‘बोका मोलिनाचं वचन’. त्या वयात ते कौतुक होतं. एकतिसाव्या वर्षी तेच नाव टोमणा झालं होतं. चागोच्या दुकानात तो साबण आणायला गेला तरी बाहेर डॉमिनो खेळत बसलेल्यांपैकी कोणीतरी मानही वर न करता विचारायचा, "काय वचना, यंदा तरी पुरा होणार का तू?" बाकीचे खिदळायचे. लिओंतेही हसायचा. नाही हसला तर लोक म्हणाले असते, एवढं आपटूनही याचा माज काही उतरत नाही.

गावाचं काय जातं म्हणा. गाव नाव ठेवतं आणि घरी जाऊन जेवतं. ज्याला ठेवलंय त्याला ते घेऊन झोपावं लागतं.

त्याचा बाप हेनारो साखर कारखान्याच्या उसाच्या गाडीवर ब्रेकवाला होता. आई लवकर गेली, त्यामुळे शाळेला सुटी असली की पोरगं बापाबरोबर गाडीवर. ऊस खाऊन झाला की उरलेलं कांडं हा चालत्या गाडीतून रुळाकडेच्या खांबावर मारायचा. बारा वर्षांचा होईपर्यंत त्याचा नेम चुकेनासा झाला. हेनारो ओरडायचा, "अरे, खांब कारखान्याचे आहेत, तुझ्या आज्याचे नाहीत." पण ओरडून झालं की पुढचं कांडं स्वतःच सोलून त्याच्या हातात द्यायचा.

सोळाव्या वर्षी उत्तरेकडचे गोरे लोक खेळाडू निवडायला, वेग मोजायचं यंत्र घेऊन आले. लिओंतेने पहिला चेंडू टाकला तेव्हा त्यांना वाटलं यंत्र बिघडलं. त्यांनी दुसरं आणलं. त्याच्यावरही तोच आकडा आला, ताशी शहाण्णव मैल. त्या आठवड्यात अख्खं गाव त्याचं काका-मामा झालं. ज्यांनी हेनारोला कधी रस्त्यात ओळख दिली नव्हती ते अंगणात खुर्च्या टाकून बसू लागले. शेजारची मिर्तामावशी, जिने आई गेल्यापासून त्या पोराला रांधून घातलं होतं, ती कॉफी करून करून थकली. तिला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. मोठे झालेले बाप्ये एका चेंडूपायी घसा फोडतात, हा तिच्या मते आजारच होता.

विसाव्या वर्षी तो गावाच्या संघाकडून पहिल्यांदा उतरला. संघाचं नाव ‘खेकडे’, आणि आमच्या गावात खेकड्यांच्या पलीकडे धर्म नाही. हेनारोने त्या दिवसासाठी आकाशी रंगाचा नवा शर्ट शिवून घेतला होता. तो चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या बरोबर मागे, पाचव्या रांगेत बसला. आणि मग जे झालं ते गावाने अकरा वर्षं चघळलं. लिओंतेचा हात भरधाव होता, पण चेंडू जाईल तिकडे जात होता. अकरा बॅटर आले, त्यातल्या आठांना त्याने चार-चार बाहेरचे चेंडू टाकून फुकटात पहिल्या तळावर पाठवलं. बाराव्या बॅटरच्या वेळी कोपरात कट्‌ असा आवाज झाला आणि तो तिथेच खाली बसला.

पाचव्या रांगेत हेनारोच्या मागे कोणीतरी म्हणालं, "हा ब्रेकवाला म्हातारा आला ना, तेव्हाच मला कळलं होतं. पनवती आहे तो."

कोण बोललं ते कोणालाच आठवत नाही. बोलणारा बोलून बिअर पिऊन मोकळा झाला असेल. पण हेनारोने मनाशी हिशेब मांडला. शाळेच्या अंतिम सामन्याला तो गेला होता, तो सामना हरले. निवडीच्या दिवशी गेला होता, तेव्हा आभाळ फाटून पाऊस आला आणि निवड महिनाभर पुढे गेली. आणि आता हे. तो उठला, शर्टाच्या बाह्या खाली केल्या आणि घरी चालत गेला. त्या दिवसापासून त्याने मैदानाच्या फाटकात पाय ठेवला नाही.

"पापा, लोक काय वाटेल ते बरळतात," हात गळ्यात बांधलेला लिओंते म्हणाला.

"लोकांचं सोड. मी तीन वेळा आलो. तिन्ही वेळा काय झालं ते तूच सांग."

घडलं होतं ते खरंच होतं. तेव्हाच त्याने बापाला हाताला धरून ओढत मैदानावर न्यायला हवं होतं, असं पुढे त्याला पुष्कळदा वाटलं.

मग भटकंतीची वर्षं. दोनदा कोपर फाडून शिवलं. उत्तरेतल्या लहान लहान गावांत, जिथे दुपारी चारलाच अंधार पडतो आणि कोणी कोणाच्या दारात बसत नाही, तिथे तो भाड्याच्या खोल्यांत राहिला. बसमधून बारा-बारा तास प्रवास करून दोन डाव टाकायचे आणि परत बसमध्ये बसायचं. वेग गेला नाही. तो गेला असता तर बरं झालं असतं, लोकांनी नाद सोडला असता. प्रत्येक नव्या संघात पहिल्या दिवशी सगळे यंत्राभोवती जमायचे, आकडा बघून एकमेकांकडे बघायचे, आणि तिसऱ्या महिन्यात त्याच्या हातात घरचं तिकीट ठेवायचे. मग मेक्सिको. तिथे मोंतेरेला एका बाईबरोबर तो दोन वर्षं राहिला. बाई चांगली होती. जाताना तिने एवढंच म्हटलं, "तू घरात असतोस तेव्हाही कुठेतरी सामना हरत बसलेला असतोस." 

प्रत्येक सामन्यानंतर, मग तो कुठल्याही मुलखात असो, तो बापाला फोन करायचा. हेनारो एकच प्रश्न विचारायचा, "जेवलास का?" सामन्याचा शब्द काढायचा नाही. काढला की बाधेल, ही त्याची समजूत. कधी कधी लिओंते फोन ठेवून खोलीतल्या पलंगावर बसायचा आणि त्याला वाटायचं, या माणसाने निदान एकदा शिवी तरी हासडावी.

बाप ऐकतो हे त्याला कळायचं ते मिर्तामावशीकडून.

"ऐकतो म्हणजे? जप केल्यासारखा ऐकतो," मावशी फोनवर सांगायची. "खुर्ची तीच, आवोकाडोच्या झाडाखाली. रेडिओ भिंतीवर, कुठल्याही मुलखाचं केंद्र असो, काटा फिरवून पकडतोच. सामना चालू असेपर्यंत उठायचं नाही, कोणी त्याच्याशी बोलायचं नाही. मुतायलाही जात नाही मेला. आणि तो डबा."

डबा टोमॅटोच्या गराचा, रिकामा, कडा ठोकून बोथट केलेला. लिओंतेने एक बॅटर बाद केला की हेनारो त्यात एक दाणा टाकायचा. हंगामात तुरीचा, नाहीतर मक्याचा. नऊ डाव, डावाला तीन बाद, म्हणजे पुऱ्या सामन्याचे सत्तावीस. हेनारो म्हणायचा, ज्या दिवशी डब्यात सत्तावीस पडतील त्या दिवशी त्यांचा भात करीन आणि गल्लीला वाढीन. पण लिओंतेने पुरा सामना कधी टाकलाच नव्हता. चार दाणे, सहा दाणे, फार तर दहा. बाकी वेळ हेनारो नुसताच बसून राही आणि सामना संपला की ते चार दाणे कोंबड्यांना टाकी.

दोन वर्षांपूर्वी लिओंते कायमचा परत आला. खेकड्यांनी त्याला ठेवून घेतलं ते दयेनेच, आणि तीन डाव सावरून घ्यायला कोणीतरी लागतं म्हणून. तिथे त्याची गाठ वास्कारशी पडली. वास्कार कॅचर. जाडजूड, गुडघे गेलेला, तोंडाने फाटका.

"शंभराने टाकतोस, ठीक आहे," पहिल्याच दिवशी वास्कार म्हणाला. "त्या शंभराचं काय लोणचं घालायचंय? बॅटरला कळतं तुला काही कळत नाही. तो हातच हलवत नाही, नुसता उभा राहतो."

"मग काय करू?"

"तू उसाच्या गाडीवर काय करायचास?"

"खांबाला मारायचो."

"खांबाकडे बघत होतास का बापाकडे?"

 खांबाकडे, असं लिओंते म्हणणार होता, पण तसं नव्हतं. तो मारायचा आणि बापाकडे बघायचा.

वास्कारने त्याला वर्षभर कमी जोराने टाकायला लावलं. सकाळी, मैदानात कुत्रंही नसताना. आधी पंचाऐंशीने शंभर चेंडू, त्याच्या हातमोज्यात, न चुकता. मग नव्वदीने. जोर लावून टाकला की वास्कार चेंडू परतच द्यायचा नाही, त्यावर बसून राहायचा. एकतिसाव्या वर्षी माणूस पहिल्यापासून टाकायला शिकला, आणि यात गावाला सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून गावाला कळलं नाही. या हंगामात त्याने पाच-पाच, सहा-सहा डाव टाकले तेव्हा लोक म्हणाले, नशीब उघडलं. डॉमिनोवाले आता मान वर करून बोलू लागले.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी तोमासीनने, म्हणजे संघाच्या प्रशिक्षकाने, त्याला सांगितलं की रविवारी सुरुवात तू करायचीस. मैदानाचे दिवे बंद पडले होते, त्यामुळे सामना दुपारी एकला होता. लिओंते तिकीट घेऊन घरी आला. पाचवी रांग, कॅचरच्या मागे. हेनारो अंगणात तुरीच्या शेंगांचा ढीग घेऊन सोलत बसला होता. नाताळच्या भाताची तूर. तो वाळला होता त्या वर्षी. चार पावलं चालला की छातीवर हात ठेवून थांबायचा आणि कोणी विचारलं तर म्हणायचा, रस्ता बघतोय.

लिओंतेने तिकीट त्याच्या मांडीवर ठेवलं.

"पापा, यंदा चल."

हेनारोने तिकीट बघितलं. रांग कुठली ते बघितलं. मग ते परत दिलं. "एवढं चांगलं चाललंय. कशाला घाण करायची?"

"तू आलास म्हणून माझं कोपर गेलं का? कोपर गेलं कारण मी गाढवासारखा टाकत होतो. वास्कारला विचार."

"वास्कार काय डॉक्टर आहे?"

"तू नाहीस म्हणून तरी मी कुठे दिवे लावले अकरा वर्षं?" लिओंतेचा आवाज चढला होता. "तू घरी बसलास आणि मी हरलोच ना? मग पनवती कोण आहे ते सांग. मीच ना?"

हेनारो शेंग सोलायचा थांबला. पोरगा असं कधी बोलला नव्हता. शेजारच्या दारातून मिर्तामावशी डोकावली आणि पुन्हा आत गेली.

"असं बोलू नये," हेनारो म्हणाला. "तू असं कर. रविवारी नऊ डाव टाक. एकदा पुरे सत्तावीस पडू दे माझ्या डब्यात. मग पुढच्या रविवारी मी येतो. पाचव्या रांगेत. शर्ट घालून."

"शपथ?"

"ब्रेकवाल्याची शपथ कशाला लागते? म्हटलं ना येतो."

लिओंतेला एवढंच हवं होतं. अकरा वर्षांत त्याला दुसरं काही नकोच होतं. त्या गोऱ्यांचा संघ, फोटो, गावाने काढलेली वरात, कशाचीच त्याला आता हौस उरली नव्हती. बाप पाचव्या रांगेत बसलेला दिसावा, चेंडू टाकून तिकडे बघता यावं, बस्स. ते रविवारचं तिकीट त्याने कोणाला दिलं नाही. ती खुर्ची रिकामी राहू दे, असं त्याच्या मनात आलं.

रविवारी ऊन करकरीत होतं. पहिल्या डावात तिघे तीन मिनिटांत बाद. दुसऱ्यात एकाला फुकट तळ मिळाला, पण पुढच्याच चेंडूवर दोघे एकदम बाद झाले. प्रत्येक बादनंतर लिओंते मनात म्हणायचा, टाक पापा, दाणा टाक. हे त्याने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. तिसरा डाव, चौथा, पाचवा. समोरच्या संघाला एकही हिट, म्हणजे तळ गाठून देणारा एकही फटका, मिळाला नव्हता.

आता आमच्याकडे एक रीत आहे. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, हिट न देता पुढे पुढे जायला लागला की त्याच्याशी कोणी बोलायचं नाही. त्या गोष्टीचं नावही काढायचं नाही, नाव काढलं की मोडते. पाचवा डाव संपवून लिओंते बाकावर येऊन बसला तेव्हा त्याच्या शेजारचा उठून पलीकडे गेला. सहाव्यानंतर बाकाचं ते अख्खं टोक रिकामं झालं. पाण्याचा पेला कोणीतरी लांबून सरकवला आणि दुसरीकडे बघितलं. तोमासीन सूर्यफुलाच्या बिया चावत भिंतीशी बोलत होता. वास्कार, जो झोपेतही बडबडतो असं त्याची बायको सांगते, तो गुडघ्याला बर्फ लावून आकाशाकडे बघत होता.

लिओंतेला रीत माहीत होती. दुसऱ्यांच्या वेळी त्यानेही ती पाळली होती. पण ती सगळी अंगावर येते तेव्हा कशी लागते हे त्याला त्या दिवशी कळलं. आयुष्यात पहिल्यांदा सगळं मनासारखं होत होतं आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती. पंचवीस माणसं त्याला टाळत होती, तीही प्रेमाने. उत्तरेतल्या त्या खोल्यांतसुद्धा त्याला इतकं एकटं वाटलं नव्हतं. त्याने पाचव्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. तिच्यावर आता कोणीतरी पिशवी ठेवली होती.

"वास्कार," तो हळूच म्हणाला, "माझ्याशी काहीतरी बोल ना. कशाबद्दलही बोल."

वास्कारने मान हलवली, नाही म्हणून. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

सातवा डाव. आठवा. नवव्यात मैदानावर एवढी शांतता होती की मागच्या रस्त्यावर पाववाल्याची हाळी ऐकू येत होती. पंचविसावा बाद. सव्विसावा उंच उडाला आणि डावीकडच्या खेळाडूने घेतला. शेवटच्या बॅटरला लिओंतेने दोन चेंडू पंचाऐंशीने टाकले, अगदी सकाळच्या सरावासारखे. तिसरा मात्र त्याने सोडला, सोळाव्या वर्षी सोडायचा तसा. बॅटरची बॅट हलेपर्यंत चेंडू वास्कारच्या हातमोज्यात होता. सत्ताविसावा बाद.

टाक पापा, दाणा टाक.

मग जे व्हायचं ते झालं. सगळे त्याच्या अंगावर पडले, बर्फाचं पाणी ओतलं, वास्कारने तोंडाचा बांध फोडून अशा शिव्या दिल्या की लाउडस्पीकरवाल्याने गाणं मोठं केलं. ‘वचन पुरं झालं!’ म्हणून गॅलरी ओरडत होती. डॉमिनोवाले रडत होते, ते मेले डॉमिनोवाले. कोणीतरी त्याला खांद्यावर घेतलं. लिओंते खाली उतरला, चेंडू मुठीत धरला आणि फाटकाबाहेर पळाला. पायात खिळ्यांचे बूट तसेच. पहिली भाड्याची मोटरसायकल दिसली तिच्यावर बसला.

"कुठे, वचना?" चालवणारा म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्या नावात टोमणा नव्हता.

"घरी. पापाला आणायला. पुढचा रविवार ठरलाय आमचा."

गल्लीच्या तोंडाशी चागोचं दुकान. तिथे माणसं जमली होती. मोटरसायकल दिसली तशी ती बाजूला झाली. लिओंतेने चेंडू वर धरून दाखवला. कोणी काही बोललं नाही. त्याला वाटलं, अजून रीत पाळताहेत की काय येडे. "अरे संपला सामना," तो म्हणाला. "आता बोला की." तरी कोणी बोलेना. चागो पुढे आला, त्याच्या हातात रमची बाटली होती, न उघडलेली, आणि ती कुठे ठेवावी हे त्याला कळत नव्हतं.

"लिओंते," चागो म्हणाला. त्याने नावाने हाक मारली, आणि तेव्हाच लिओंतेला कळलं.

हेनारोला त्यांनी आत पलंगावर नेऊन ठेवलं होतं. आवोकाडोखालची खुर्ची रिकामी होती. खाली शेंगांच्या सालांचा ढीग. भिंतीवर रेडिओ अजून चालू होता आणि त्यातला माणूस घसा बसलेल्या आवाजात लिओंते फेबल्स, लिओंते फेबल्स करत होता. रेडिओशेजारी कॉफीचा पेला होता, भरलेला, वर साय धरलेली.

चागोने सांगितलं. त्याला सांगवत नव्हतं तरी सांगितलं, कारण दुसरं कोणी सांगणार नव्हतं. सहाव्या डावाच्या सुमारास मिर्ता कॉफी घेऊन गेली होती. हेनारो मान खाली घालून, टोपी डोळ्यांवर घेऊन बसलेला. तिने हाक मारली, तो बोलला नाही. ती त्याला हलवणार होती. दुकानातून हे सगळे ओरडले, हात लावू नकोस बाई, उठवू नकोस, पोरगा चांगला चाललाय. ती म्हणाली, अरे पण हा बघ कसा बसलाय. तर हे म्हणाले, तो तसाच बसतो, आमच्यापेक्षा तुला जास्त कळतं का. मग तिने पेला भिंतीवर ठेवला आणि ती घरात गेली. शेवटचा बाद झाला तेव्हा चागो बाटली घेऊन त्याला मिठी मारायला धावला.

"आम्हीच थांबवलं तिला," चागो म्हणाला. "तिची काही चूक नाही. आम्हीच."

लिओंते आत गेला, बापाच्या कपाळावर हात ठेवून थोडा वेळ बसला आणि बाहेर आला. मोटरसायकलवाला अजून उभाच होता, भाडं न मागता. खुर्चीजवळ मिर्तामावशी होती. तिने टोमॅटोचा डबा दोन्ही हातांत धरला होता.

"सगळा ऐकला त्याने," ती म्हणाली. ती हे घाईने बोलली, पाठ केल्यासारखं. "शेवटपर्यंत ऐकला. बघ, डबा बघ ना. मी गेले तेव्हा नुसता डोळा लागला होता त्याचा, नंतर उठला असणार. सगळे दाणे आहेत यात. मोज तू."

लिओंते खुर्चीत बसला. त्याने डबा मांडीवर उपडा केला. हिरवे, ओले तुरीचे दाणे, सगळे एकाच ढिगातले, एकसारखे. कोणता कधी पडला हे देवालाही सांगता आलं नसतं. तो एक एक करून परत डब्यात टाकू लागला. नऊ. बारा. अठराव्यावर तो थबकला, कारण अठरा म्हणजे सहा डाव, मावशीची कॉफी आली तोपर्यंतचे. एकवीस, बावीस. तो रडत होता आणि मोजत होता. पंचवीस, सव्वीस, सत्तावीस. बापाने ऐकला होता. शेवटचा चेंडू, तो सोळाव्या वर्षासारखा टाकलेला, तो बापाच्या कानावर पडला होता.

मांडीवर अजून एक दाणा होता.

त्याने तो बघितला. नऊ डावांत सत्तावीसच बाद होतात, आणि हेनारोने एवढ्या वर्षांत कधी एक दाणा जास्त टाकला नव्हता. त्याने वर बघितलं. मिर्तामावशी समोर उभी होती, एप्रनचं टोक बोटांना गुंडाळत. तिच्या नखांच्या कडा हिरव्या झाल्या होत्या. या बाईने उभ्या जन्मात शेंग सोलून हेनारोला दिली नव्हती, म्हणायची, तुझा खेळ, तुझी तूर. ती त्याच्या तोंडाकडे अशी बघत होती की आता हा काय म्हणतो त्यावर तिचं सगळं अवलंबून आहे. तिला एकच गोष्ट विचारता आली असती. मावशी, तू डबा उचललास तेव्हा आत किती होते? खरं उत्तर फक्त तिला माहीत होतं. घाबरून तिनेही मोजले नसतील तर तिलाही नाही.

त्याने तो दाणा उचलला आणि चेंडू धरलेल्या हातात, चेंडूखाली, मुठीत घेतला.

"सत्तावीस," तो म्हणाला. "बरोबर आहेत, मावशी."

तिने एप्रन तोंडाला लावला आणि ती भिंतीला टेकून मटकन खाली बसली. "शर्ट पण काढून ठेवला होता रे त्याने," ती रडत म्हणाली. "आकाशी. काल माझ्याकडून इस्त्री करून घेतला. पुढच्या रविवारचा."

हे तरी खरं होतं का, हे लिओंतेने विचारलं नाही. तो उठला, डबा तिच्या हातात दिला आणि म्हणाला की यांचा भात कर, त्याने तसं म्हटलं होतं, गल्लीला वाढ. मग तो रेडिओ बंद करायला गेला. आतला माणूस अजून त्याचंच नाव घेत होता. लिओंते बटणावर बोट ठेवून थोडा वेळ ऐकत उभा राहिला, आणि मग त्याने तो बंद केला.